तर्पणाच्या वेळचे सत्य

वारसा म्हटला की आपल्या मनात प्रथम जमीन येते, मग घर, मग आईच्या अंगावरचे चार दागिने. आमच्या आचोळ्यात तर जमीन इतकी आधी येते की बाकीच्या गोष्टींना जागाच उरत नाही. जिथे भाताची खाचरे होती तिथे इमारती उठल्या, गुंठ्याला सोन्याचा भाव आला, आणि सातबाराच्या उताऱ्यावर आपले नाव लागले आहे की नाही हे पाहण्यासाठी माणसे तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घालू लागली. त्यांना मी दोष देत नाही. पूर्वजांकडून जे आले त्यात आपला वाटा किती, हे जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक वारसाला आहे. आणि एखाद्या भावाने उतारा दडवून ठेवला, तर सारे गाव त्याला नावे ठेवते.

पण पूर्वजांकडून दुसराही एक वारसा येतो, आणि त्याचा उतारा कोणत्याच कचेरीत मिळत नाही. तो शरीराचा वारसा. नाक आजोबांचे, चाल मामाची, आवाज आत्याचा, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याच वाटेने एखादे दुखणेही आले असेल, तर ते सांगताना मात्र आपली जीभ अडखळते. जमिनीचा उतारा दडवणारा भाऊ दोषी; मग रक्ताचा उतारा दडवणाऱ्याला काय म्हणावे? सणासुदीच्या दिवसांत हा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, वर्षातून ज्या थोड्या दिवसांत सारी भावंडे एका छपराखाली येतात, त्याच दिवसांत हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ आहे.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. तेव्हा जे सांगायचे ते साध्या शब्दांत सांगतो. आपल्या हृदयातून एक मोठी रक्तवाहिनी निघते. तिला महारोहिणी म्हणतात. सारे शुद्ध रक्त प्रथम तिच्यातून वाहते आणि मग अंगभर पसरते. मोठ्या माणसाची महारोहिणी हृदयापाशी सुमारे ३ सेंटिमीटर रुंद असते. हृदय दिवसाकाठी एक लाखाच्या आसपास ठोके देते, आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का तिची भिंत सोसते. कारण तिच्या भिंतीत ताणले जाणारे आणि पुन्हा पूर्ववत होणारे चिवट धागे असतात. काही घराण्यांत हे धागे जन्मतःच कच्चे असतात. मग भिंत वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जाते. ती दुखत नाही, खुपत नाही. माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो, लग्नकार्यात नाचतो. आणि एखाद्या दिवशी तिचा आतला पदर फाटतो. रक्त भिंतीच्या पदरांत घुसते, आणि त्यानंतर मरण तासांच्या हिशेबाने जवळ येत जाते.

अशा विकारांतला सर्वांत परिचित म्हणजे मार्फान यांच्या नावाने ओळखला जाणारा. या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ साली पॅरिसमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीच्या विलक्षण लांब, सडपातळ बोटांचे वर्णन केले. त्या बोटांचा महारोहिणीशी संबंध आहे हे कळायला पुढे कित्येक वर्षे लागली, आणि विकाराचे मूळ ज्या जनुकात आहे तो जनुक सापडला १९९१ साली. या विकाराची माणसे बहुधा उंच, किडकिडीत असतात. हातपाय लांब, छातीचे हाड आत गेलेले किंवा पुढे आलेले, कधी डोळ्यातले भिंग जागचे सरकलेले. अर्थात प्रत्येक ताडमाड माणूस रोगी नव्हे. नाही तर माझ्या वर्गातला शेवटचा बाक सारा दवाखान्यात न्यावा लागेल! आईला किंवा वडिलांना हा विकार असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. सुमारे ५,००० माणसांत एकाला तो असतो असे मानतात. २०११ च्या जनगणनेत आमच्या वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांच्या वर भरली होती. त्या हिशेबाने या एका शहरात अशी २४० माणसे तरी असली पाहिजेत. त्यांतल्या कितीजणांना ते ठाऊक असेल?

आता शस्त्रक्रियेचा भाग. १९६८ साल हे हृदयाच्या शस्त्रक्रियांचे साल म्हणावे लागेल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमच्या मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला, पण धाडस इतिहासात राहिले. त्याच वर्षी लंडनमध्ये ह्यू बेंटल आणि त्यांचे सहकारी डी बोनो यांनी महारोहिणीचा फुगलेला आरंभीचा भाग काढून तिथे कृत्रिम धाग्यांची नळी आणि कृत्रिम झडप एकत्र बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. आजही ती बेंटल यांच्याच नावाने चालते. छातीचे हाड उभे कापावयाचे, हृदय थांबवावयाचे, तेवढा वेळ रक्त यंत्राने फिरवावयाचे, आणि जिथून सारे जीवन वाहते तो नळच बदलून टाकावयाचा. ऐकूनच अंगावर काटा येतो.

या शस्त्रक्रियेचे फळ काय? १९९९ साली दहा मोठ्या केंद्रांतील ६७५ मार्फान रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात एक आकडा असा आहे की तो मी विसरू शकत नाही. महारोहिणी फाटण्यापूर्वी, दिवस ठरवून, शांतपणे ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी पहिल्या तीस दिवसांत दगावले शेकडा १.५. ज्यांना धावतपळत, आणीबाणीत टेबलावर घ्यावे लागले, त्यांच्यापैकी दगावले शेकडा ११.७. शस्त्रक्रिया त्याच जातीची, केंद्रे तीच. आणि मरणाचे प्रमाण जवळजवळ आठपट! शिवाय जे रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचलेच नाहीत, ते या हिशेबात धरलेलेही नाहीत.

हा फरक शल्यविशारदाच्या हातातला नव्हे. फाटलेली भिंत सांधणे कठीणच. पण फाटेपर्यंत थांबावे का लागले? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर एकच: ठाऊक नव्हते म्हणून. काहींना ठाऊक होणे शक्यच नव्हते; कारण चारांतला एक रोगी असा असतो की त्याच्या आईवडिलांत विकाराचा मागमूसही नसतो, तो त्याच्यापासूनच सुरू होतो. पण ज्यांचा बाप, आत्या किंवा भाऊ आधी याच दुखण्याने गेला किंवा वाचला, त्यांचे अज्ञान हे नशिबाचे नव्हे. ते कोणाच्या तरी मौनाचे आहे. मौनालाही किंमत असते हे आपण नीतीच्या पुस्तकात वाचतो. इथे ती शेकड्याच्या हिशेबात मोजलेली दिसते.

मात्र या शस्त्रक्रियेला मी अमृत म्हणणार नाही. त्याच हिशेबात पुढचे आकडेही आहेत: पाच वर्षांनी शेकडा ८४ रोगी जिवंत, दहा वर्षांनी ७५, वीस वर्षांनी ५९. कृत्रिम झडप बसली की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. १९९२ साली टोरंटोचे टिरोन डेव्हिड यांनी रोग्याची स्वतःची झडप राखून केवळ नळी बदलण्याची रीत प्रसिद्ध केली. पण ती प्रत्येकाला लागू पडत नाही. आणि एक भाग बदलला तरी उरलेली महारोहिणी त्याच कच्च्या धाग्यांची असते. तिच्यावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते. तरीही एकंदर चित्र बदलले आहे. १९७२ च्या हिशेबाप्रमाणे मार्फानच्या रोग्यांतील निम्मे ४८ व्या वर्षापर्यंतच पोहोचत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात तेच वय ७२ झाले. सौम्य विकाराची माणसेही पुढे नोंदली जाऊ लागली हे त्याचे एक कारण. वेळेवर शस्त्रक्रिया आणि औषधे ही दुसरी कारणे.

कोणी म्हणेल, ‘म्हणजे कळले की सुरीखाली मान द्यावयाची, एवढेच ना?’ तसे नाही. मार्फानच्या बहुतेक प्रौढ रोग्यांत रुंदी ५ सेंटिमीटरच्या आसपास गेल्यावर शस्त्रक्रिया सुचवतात; तोपर्यंत रक्ताचा जोर कमी ठेवणाऱ्या गोळ्या आणि वरचेवर तपासणी. लोइस-डाएट्झ नावाचा दुसरा विकार २००५ साली ओळखला गेला. त्यात भिंत लवकर फाटते, म्हणून रुंदी कमी असतानाच शस्त्रक्रिया करतात. एहलर्स-डॅनलॉस नावाच्या विकारांत रक्तवाहिन्यांचा जो प्रकार आहे, त्यात पेशी इतक्या नाजूक असतात की टाकाही धड बसत नाही. तिथे शल्यविशारद शक्य तोवर हात आवरतात. म्हणजे घराण्यात नेमके काय आहे हे कळणे, हे केव्हा कापावे यासाठी जितके हवे, तितकेच केव्हा कापू नये यासाठीही हवे. इंग्लंडमध्ये टॅल गोल्सवर्दी नावाचा एक इंजिनिअर आहे. आपल्याला मार्फान आहे आणि आपली महारोहिणी फुगत चालली आहे हे त्याला आधीच कळले होते. त्याने तिच्या मापाची, बाहेरून आधार देणारी जाळीच तयार करवून घेतली, आणि २००४ साली ती सर्वप्रथम त्याच्याच छातीत बसवली गेली. असे सगळ्यांना साधणार नाही. पण विचार करायला त्याला वेळ मिळाला, तो ठाऊक होते म्हणून.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. न कळण्यातही सुख असते. जो आज हसतखेळत आहे त्याच्या कानात ‘तुझ्या छातीत एक भिंत कच्ची असेल’ असे सांगून त्याची झोप का घालवावी? स्वतःपुरते पाहिले, तर मी हा आक्षेप मान्य करतो. आइन्स्टाइन यांच्या पोटातील महारोहिणी फुगली होती. १९४८ साली त्यांच्यावर एक शस्त्रक्रिया झाली. १९५५ च्या एप्रिलमध्ये ती फुटू लागली तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी नकार दिला, आणि ते गेले. शहात्तर वर्षांच्या मनुष्याने समजून-उमजून घेतलेला तो निर्णय होता. त्यापुढे आपण मान लववावी. परंतु तो निर्णय त्यांच्या स्वतःच्या देहाविषयी होता. माझ्या देहाचे काय करावे हा माझा हक्क. पण माझ्या दुखण्यातून माझ्या भावाच्या देहाविषयी जे कळते, ते केवळ माझे कसे? ती त्याची ठेव आहे. ती माझ्याजवळ आली, इतकेच. ठेव मालकाला परत करावी. ती घेऊन काय करावयाचे ते मालक ठरवील. त्याला तपासून घ्यावयाचे नसेल तर त्याने घेऊ नये. पण ‘नको’ म्हणण्यासाठीसुद्धा आधी विचारणारा कोणी तरी हवा.

आमच्याच भागातले एक घर मला ठाऊक आहे. नाव सांगत नाही. बापाची महारोहिणी फाटली, मुंबईला नेले, आणि दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. निघताना डॉक्टरांनी बजावले होते की मुलांना आणि भावंडांना तपासून घ्या. वर्ष उलटले तरी कोणाला काही सांगितले नव्हते. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्याची थोरली मुलगी. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, “सर, थोरलीचं जमत आलंय. एकदा अक्षता पडू द्या, मग सगळं करू. आता बोललो तर पोरगी घरात राहील.”

हे बोलणारा मनुष्य वाईट नव्हता. आपल्या समाजात मुलीच्या बापाला किती भीती असते, हे मी गेली वीस वर्षे पाहत आलो आहे. पण इथे गणित उलटे आहे. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, महारोहिणीवरचा ताण वाढतो. तिची रुंदी ४ सेंटिमीटरच्या आत असेल, तर देखरेखीखाली बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात, ४.५ च्या पुढे असेल, तर आधी शस्त्रक्रिया करून घ्या असे डॉक्टर सुचवतात. म्हणजे ज्या मुलीचे लग्न व्हावे म्हणून आपण गप्प बसतो, तिलाच ते मौन सर्वांत आधी गिळू शकते. मी त्याला एवढेच म्हणालो, “अक्षतांनंतर पाळणा येतो. तेव्हा सांगून उशीर होईल.” तो काही बोलला नाही. त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, “तिला विचारलंच नाही आपण.”

मुलीला विचारले गेले. तिने हृदयाची टूडी इको नावाची तपासणी करून घेतली. तिला अर्धा तासही लागत नाही आणि टोचाटोचीही होत नाही. त्या तपासणीत काय निघाले ते मी लिहिणार नाही. ते तिचे आहे.

या बापाला दोष देऊन आपली सुटका होत नाही. सत्य महाग कोणी केले? जो मुलगा किंवा ज्याचे आईवडील ‘घराण्यात दुखणे आहे’ एवढे ऐकून जमलेले मोडतात, त्यांनी ते महाग केले. १९५२ साली परळला डॉ. भेंडे यांनी एक अत्यंत विरळा रक्तगट शोधून काढला. जग त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणते. त्या गटाच्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही. अडीअडचणीला तो आधी आपल्या भावंडांकडेच पाहतो. हाही वारसाच. पण त्याला कोणी कलंक मानत नाही. उलट अशी माणसे एकमेकांचे पत्ते जपून ठेवतात आणि हाक आली की धावून जातात. एक वारसा सांगितला की माणसे जोडली जातात, दुसरा सांगितला की सोयरीक मोडते. हा भेद रक्ताने केलेला नाही, आपण केला आहे. आणि चारांतला एक रोगी कोणत्याही घराण्यात नव्यानेच जन्माला येतो हे लक्षात घेतले, तर ‘आमचे घराणे स्वच्छ’ असे छाती ठोकून कोण म्हणू शकेल?

या साऱ्याचा विचार करताना मला कुंती आठवते. कर्ण आपला मुलगा आहे हे तिला रंगभूमीवर त्याला पाहिले तेव्हापासून ठाऊक होते. तिने कर्णाला सांगितले ते युद्ध तोंडावर आल्यावर. आणि पांडवांना सांगितले ते कर्ण पडल्यावर, मृतांना जलांजली देण्याच्या वेळी. लोकलाज हेच तिच्याही मौनाचे कारण होते, आणि तिचे दुःख कोणी नाकारीत नाही. पण युधिष्ठिराचा शोक पाहा. एरवी इतका शांत असलेला तो मनुष्य आईवर संतापला. कर्ण मेला याचे दुःख होतेच. पण ‘हे आधी कळते तर’ हा काटा अधिक खोल होता. सत्य तेच. युद्धाआधी सांगितले असते, तर कदाचित त्याने भाऊ वाचला असता. तर्पणाच्या वेळी सांगितले, तेव्हा त्याने फक्त पाणी सोडता आले. १.५ आणि ११.७ या दोन आकड्यांमधले अंतर मला त्या नदीकाठच्या ओल्या वाळूइतकेच खरे वाटते.

सांगण्यालाही रीत असते, हे खरे. दहा वर्षांच्या पोराला फाटणाऱ्या भिंतीची भीती घालू नये. त्याला तपासून आणावे, आणि जड वजने उचलणे किंवा अंगाला अंग भिडणारे खेळ वर्ज्य असतील तर ‘तुझे खेळ वेगळे’ इतकेच सांगावे. मोठ्या भावंडांना मात्र स्पष्ट, नाव घेऊन, डॉक्टरांचा कागद हातात देऊन सांगावे. कुजबुजीतून कळलेले सत्य भीती देते, उपाय देत नाही. खर्चाच्या धास्तीनेही गप्प बसू नये. परळची मोठी सार्वजनिक रुग्णालये नालासोपाऱ्याहून लोकलच्याच वाटेवर आहेत, आणि पहिली तपासणी ही शस्त्रक्रिया नव्हे.

येत्या भाऊबिजेला घरोघरी बहिणी भावांना ओवाळतील आणि त्यांना दीर्घायुष्य चिंतितील. फ्लो हायमन नावाची एक अमेरिकन व्हॉलीबॉलपटू होती. सहा फूट पाच इंच उंच, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या रौप्यपदकाची मानकरी. जानेवारी १९८६ मध्ये जपानात एका सामन्यात ती मैदानाबाहेर येऊन बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. वय ३१. आधी हृदयविकाराचा झटका समजले गेले. घरच्यांनी शवविच्छेदनाचा आग्रह धरला, तेव्हा कळले की महारोहिणी फाटली होती आणि कारण होते मार्फान. जिवंतपणी ते कोणालाच ठाऊक नव्हते. पण घरच्यांनी ते कळल्यावर दडवले नाही. तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला, आणि वेळीच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या बहिणीला भाऊबीज ठाऊक असण्याचे कारण नाही. तिने भावाला जे दिले ते मरून दिले. आपल्यातल्या कित्येकांना ते जिवंतपणी, पाटावर समोरासमोर बसून, चार शब्दांत देता येईल.